भग्नावशेष-रेखाटन
पडक्या वास्तूंचे, विशेषतः यूरोपातील मठ व चर्च यांच्या अवशेषांचे, भोवतालच्या निसर्गासह केलेले रेखाटन. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वच्छंदतावादी अभिरुचीबरोबर हा प्रकार लोकप्रिय झाला. पेन्सिल सुटसुटीत असल्याने प्रवासी चित्रकारांना ती सोयीची वाटे. ग्रॅफाइटची पूड व चिकणमाती यांच्या मिश्रणाचे, १७९५ मध्ये काँते याने एकस्व घेतलेले तंत्र रूढ झाल्यावर कमीअधिक कठिण पेन्सिली मिळू लागल्या. कठिण पेन्सिलीने कमानींची रेषा, तर मऊ पेन्सिलीने छायाभाग व झाडोरा दाखविता येई.

जर्मनीतील ग्राइफ्सव्हाल्टजवळील एल्डेना येथील सिस्टर्शियन मठ (स्थापना ११९९) हे याचे ठळक उदाहरण होय. धर्मसुधारणेनंतर तो बंद पडला. पुढे युद्धांत त्याची हानी झाली आणि त्याच्या विटा तटबंदीसाठी नेण्यात आल्या. ग्राइफ्सव्हाल्ट येथेच जन्मलेल्या कास्पार डाव्हीट फ्रीड्रिखने (१७७४–१८४०) या अवशेषांची वारंवार रेखाटने केली. त्यांवरून सिद्ध झालेल्या ओकवनातील मठ (१८०९–१०) या तैलचित्रात मात्र त्याने तीच पश्चिमभिंत हिमाच्छादित दफनभूमीत, निष्पर्ण ओकवृक्षांमध्ये कल्पिली.

म्हणून अशा कलाकृतींचा पुरावा म्हणून उपयोग करताना जागेवरील नोंद व नंतरची रचना यांतील भेद पाहणे अगत्याचे ठरते. वास्तूचा एखादा भाग पुढे नष्ट झाला असल्यास जागेवरील रेखाटन हेच त्याचे प्रमाण उरते. रचलेले चित्र वास्तूपेक्षा चित्रकाराच्या भावविश्वाची साक्ष देते.