मुकादम गेला, कंत्राटदार आला

कारखान्याच्या फाटकातून रोज आत जाणारा प्रत्येक कामगार त्या कारखान्याचा असतोच असे नाही. यंत्र कंपनीचे, माल कंपनीचा. यंत्रापाशी उभा असलेला माणूस मात्र कंत्राटदाराचा. ही नव्या अर्थकारणाची अपरिहार्य गरज आहे, असे सांगितले जाते. परंतु या व्यवस्थेचे मूळ ब्रिटिश अमदानीतील मुंबईच्या गिरण्यांत आहे.

कावसजी दावर यांची गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे रत्नागिरी, सातारा भागांतून आलेल्या माणसांनी गिरणगाव भरून गेले. त्यांना कामावर घेई तो जॉबर, म्हणजेच मुकादम. भरती त्याच्या हाती आणि काढून टाकणेही त्याच्याच मर्जीवर. या मर्जीसाठी दस्तुरी मोजावी लागे व दस्तुरीसाठी कर्ज काढावे लागे. बदली कामगार तर कोणी गैरहजर राहील या आशेवर फाटकाशी ताटकळत. मालकाला श्रम हुकमी मिळत आणि मजुराची जबाबदारी मात्र त्याच्या अंगाला लागत नसे.

सरकारने या संबंधाला हात लावला नाही. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपर्यंत काम घेण्यास मुभा ठेवली; प्रौढांच्या तासांना मर्यादाच घातली नाही. या कायद्यासाठी लँकेशायरच्या गिरणीमालकांनी जो आग्रह धरला, त्यात मजुराविषयीच्या कळवळ्यापेक्षा मुंबईच्या स्पर्धेची धास्ती अधिक होती. देशी मालकांचा कायद्याला विरोधच होता. या भांडणात मजुराला विचारतो कोण? १८८४ साली महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागणे एवढेच, की रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती व वेळेवर पगार मिळावा. पैकी रविवारची सुटी मिळण्यास १८९० साल उजाडावे लागले.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले, संघटना झाल्या. तरीही १९८२ च्या गिरणी संपात बदली कामगारांना कायम करा, ही मागणी उभीच होती. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटी प्रथा रद्द करण्याची वाट ठेवली. पण प्रथा रद्द झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असा निर्णय २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. २०२० च्या श्रमसंहितेने मुख्य कामात कंत्राटी मजुरांना मनाई केली खरी, परंतु तिला अपवादही जोडले. शिवाय मूळ कायदा वीस कामगारांपासून लागू होत असे, ती मर्यादा पन्नासावर नेली. एकोणपन्नास मजुरांचा कंत्राटदार या तरतुदींबाहेरच राहिला.

कंत्राट आवश्यक आहे की नाही, हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. ज्याच्या यंत्रावर माणूस राबतो, त्यानेच त्याच्या वेतनाची व जिवाची हमी घ्यावी, ही मागणी अवाजवी म्हणता येईल काय? जबाबदारी मधल्या माणसावर ढकलण्याची सोय परक्या राज्यात रुजली. ती जपण्याचे दायित्व स्वतंत्र देशावर नाही.