'के' म्हणजे राख

उर्दू माध्यमातून दहावी झालेली आमच्या पाचोऱ्यातली मुले-मुली अकरावी सायन्सला गेली की केमिस्ट्रीच्या तासाला गप्प होतात. कालपर्यंतचे 'तेजाब' आज 'अ‍ॅसिड' होते, 'असास' 'बेस' होते. आणि शेजारची मराठी माध्यमाची मुलगी त्यालाच 'आम्लारी' म्हणजे आम्लाचा वैरी म्हणते. मग घरात ठरते, सायन्स आपल्यासाठी नाही, आर्ट्सला जा. ते ठरवण्याआधी पालकांनी हे शब्द एकदा उलगडून पाहावेत असे आम्हाला वाटते.

पोटॅशियमचे चिन्ह 'के' का? अरबीत 'कली' म्हणजे वनस्पती जाळून मिळणारी खारी राख. 'अल-कली'चे झाले अल्कली, लॅटिन रूप कॅलियम, त्याचा हा 'के'. केळीच्या बागेत आपण पोटॅश टाकतो, तो शब्दही 'पॉट' आणि 'अ‍ॅश', भांड्यातली राखच. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी हा धातू वेगळा केला आणि पोटॅशवरूनच त्याचे नाव ठेवले. सोडियमचा 'एनए' नॅट्रियमचा; त्यामागे अरबी 'नत्रून' आहे आणि त्याच्याही मागे प्राचीन इजिप्त.

अल्कोहोल अरबी म्हटले की घरातली मोठी माणसे चपापतात. 'अल-कुह्ल' म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा! अगदी बारीक पूड, मग कशाचाही शुद्ध केलेला अंश, असा अर्थ सरकत गेला. दारूच्या अर्काला हे नाव सोळाव्या शतकात युरोपात चिकटले.

स्वयंपाकघरातही हेच. 'कल्हई'मागे अरबी 'कलई' म्हणजे कथील आहे. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकतो तो नवसागर म्हणजे फारसी 'नौशादर', पुस्तकातले अमोनियम क्लोराईड. पांढरा धूर पाहिलेल्या मुलाला ते वेगळे शिकवावे लागत नाही.

मात्र 'अल' दिसला की शब्द आपला, असेही नव्हे. अ‍ॅल्युमिनियम लॅटिनमधल्या तुरटीच्या नावावरून आले. खुद्द 'कीमिया' शब्दही अरबांनी ग्रीकांकडून घेतला असे बहुतेक अभ्यासक मानतात. जाबिर इब्न हय्यान यांच्या नावावरचे ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेले, तेव्हा तो 'अल' लावून युरोपात पोहोचला. आपल्याकडे उर्दूत 'इल्म-ए-कीमिया' म्हणजे रसायनशास्त्र, तर मराठीत 'किमया' म्हणजे जादू.

आम्ही मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगतो: उर्दू, मराठी, इंग्रजी. चौथा, मूळ शब्दाचा रकाना ती स्वतःच वाढवतात.