बेळगावचा शेवटचा मुक्काम : बॅ. नाथ पै

सतरा जानेवारी हा दिवस आम्हा सीमाभागातील मराठी माणसांच्या मनात कायमचा कोरला गेला आहे. राज्यपुनर्रचनेत बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला जाणार, हे १९५६ च्या जानेवारीत कळले. लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे पडली. तेव्हापासून हा दिवस येथे हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १९७१ साली याच दिवशी बेळगावच्या सभेत बॅ. नाथ पै बोलले आणि दुसऱ्याच दिवशी, १८ जानेवारीला, याच शहरात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

माझे वडील त्या सभेला पिरनवाडीहून सायकलवरून गेले होते. मी तेव्हा रांगत होतो. पुढे मोठेपणी मी त्यांना अनेकदा विचारले, "आप्पा, काय बोलले हो ते?" आप्पांना भाषणातले एकही वाक्य धड सांगता येत नसे. ते एवढेच म्हणत, "परत येताना वाटेत आम्ही कुणी कुणाशी बोललो नाही. आणि दुसऱ्या दिवशी बातमी आली, तेव्हा बोलण्यासारखे काही उरलेच नाही." चौथी इयत्तेपर्यंत शिकलेल्या एका शेतकऱ्याला एका खासदाराविषयी असे वाटावे, याचे मला तेव्हा नवल वाटे. त्या नवलाचा उलगडा करण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

नाथ पैंचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्याचा. जन्म समुद्रकाठी झाला, तरी त्यांच्या शिक्षणाचा महत्त्वाचा काळ बेळगावात गेला. १९४२ च्या चळवळीने त्यांना वर्गातून बाहेर ओढले. पोलिसांची मारहाण आणि कारावास दोन्ही त्यांच्या वाट्याला आले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते विलायतेला गेले आणि लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. महायुद्धाने होरपळलेल्या युरोपात तेव्हा समाजवादी तरुण नव्या जगाची स्वप्ने पाहत होते. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद वेंगुर्ल्याच्या या तरुणाकडे आले. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टल या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. लंडनमध्ये वकिली करून सुखाने राहणे त्यांना अवघड नव्हते. तरी ते परतले, आणि परतले ते कोकणच्या लाल मातीत.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. १९६२ आणि १९६७ सालीही त्याच मतदारांनी त्यांना निवडून दिले. तो मतदारसंघ कसा होता, हे आजच्या वाचकांना सांगितले पाहिजे. कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, घरी म्हातारी माणसे आणि मनीऑर्डरची वाट पाहणारी बाई. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की बाहेरच्या जगाकडे नेणारी वाट घाटांतूनच. या प्रदेशाला रेल्वे हवी, ही मागणी नाथ पैंनी लोकसभेत धरून लावली. त्यांच्या हयातीत ती पुरी झाली नाही. त्यांच्यानंतर राजापूरचे प्रतिनिधित्व करणाऱ्या प्रा. मधु दंडवते यांनी तो ध्यास पुढे चालविला आणि १९९८ साली कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली. पेरणाऱ्याने पेरावे आणि कापणी दुसऱ्याने करावी, हे शेतकऱ्याच्या पोरांना समजावून सांगावे लागत नाही.

नाथ पै कधी मंत्री झाले नाहीत. त्यांच्या प्रजासमाजवादी पक्षाचे १९६७ साली पाचशेहून अधिक सदस्यांच्या सभागृहात अवघे तेरा खासदार होते. असा सदस्य काय करू शकतो? तो प्रश्न विचारू शकतो, बोलू शकतो आणि शुक्रवारी दुपारी खाजगी सदस्यांसाठी राखून ठेवलेल्या वेळात आपले विधेयक मांडू शकतो. नाथ पैंनी ही तिन्ही साधने अशी वापरली की सत्ताधारी बाकांनाही कान द्यावा लागला.

त्यांतले एक विधेयक त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पंजाबातील गोलकनाथ कुटुंबाची जमीन कमाल धारणेच्या कायद्याखाली गेली, तो वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निकाल दिला, की यापुढे संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कांतच मोडत होता. साहजिकच, कसेल त्याची जमीन म्हणणाऱ्यांना मोठीच चिंता पडली. त्याच वर्षी ७ एप्रिलला, एका शुक्रवारी, नाथ पैंनी विधेयक मांडले. राज्यघटनेची कोणतीही तरतूद बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, एवढेच त्याचे सार. ते संयुक्त समितीकडे गेले आणि त्यावर देशभर चर्चा झाली. ज्या हक्कांसाठी आपण तुरुंगात गेलो तेच हक्क उद्या बहुमताच्या जोरावर काढून घेतले तर, ही शंका काही लोकशाहीनिष्ठांनीही बोलून दाखविली. अखेर विधेयक संमत होण्यापूर्वीच, १९७० च्या डिसेंबरात, लोकसभा विसर्जित झाली आणि तीन आठवड्यांत नाथ पैही गेले. मात्र १९७१ सालीच सरकारने चोविसाव्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार संसदेकडे घेतला.

पुढची कथा विलक्षण आहे. कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती जमीनसुधारणा कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले. कासरगोड हेही आमच्यासारखेच सीमेवरचे, दोन राज्यांच्या वादात सापडलेले गाव, हा योगायोग मला नेहमी जाणवतो. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा मतांनी निर्णय दिला. संसद घटनेचा कोणताही भाग बदलू शकेल, परंतु घटनेची मूलभूत चौकट तिला मोडता येणार नाही. म्हणजे नाथ पैंचे निम्मे म्हणणे मान्य झाले आणि उरलेल्या निम्म्याला कुंपण पडले. ते कुंपण किती आवश्यक होते, हे १९७५ च्या आणीबाणीने आणि त्यानंतरच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने दाखवून दिले.

शहरात लॉ कॉलेजात शिकणारा माझा एक जुना विद्यार्थी गेल्या दिवाळीत भेटायला आला होता. चहा घेता घेता म्हणाला, "सर, राग मानू नका. पण नाथ पैंचे विधेयक मंजूर झाले असते आणि न्यायालय गप्प बसले असते, तर आणीबाणीत आपल्याजवळ काय उरले असते? मग नाथ पै चुकले, असेच म्हणायचे ना?"

त्या वेळी मला चटकन उत्तर देता आले नाही. ज्यांचे नाव आप्पांच्या तोंडून आदराने ऐकले, त्यांच्याविषयी असा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. रात्रभर विचार केला. सकाळी त्याला म्हणालो, "बाळा, एक गोष्ट पाहा. त्यांनी मागितलेला अधिकार त्यांच्या हाती येणारच नव्हता. तेरा खासदारांच्या पक्षाचा माणूस तो. अधिकार मिळाला असता तो त्यांच्या विरोधकांना. तरीही त्यांनी तो मागितला, कारण संसद म्हणजे जनता, ही त्यांची श्रद्धा होती. ती श्रद्धा जरा अधिकच भाबडी ठरली, हे मी मान्य करतो. न्यायालयाने घातलेले कुंपणही हवेच होते. पण १९७७ साली आणीबाणी लादणाऱ्यांना घरी कोणी बसविले? मतपेटीनेच ना!" तो हसला. त्याचे पूर्ण समाधान झाले नसावे. माझेही झालेले नाही. पण थोर माणसाचा आदर करावा आणि त्याचे म्हणणे तपासूनही पाहावे, हे त्या पोराने मला शिकविले.

या श्रद्धेची सर्वांत कठोर परीक्षा झाली ती सीमाप्रश्नात. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला आणि १९६७ साली त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावे, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच राहावे, अशी त्याची शिफारस. महाराष्ट्राला ती मान्य झाली नाही. ज्या शहरात नाथ पै शिकले, त्या शहराचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. तरी त्यांनी सनदशीर मार्ग सोडला नाही. हृदयविकाराने शरीर पोखरले असतानाही ते त्या १७ जानेवारीला येथे आले, ते लोकांशी बोलण्यासाठी. शब्द हेच त्यांचे शस्त्र होते. हा प्रश्न २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, तो अजून सुटलेला नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये आमच्या पिरनवाडीच्या चौकात पुतळ्यावरून तणाव निर्माण झाला, तेव्हा मला नाथ पैंची फार आठवण झाली. दोन्ही बाजूंची तरुण पोरे रस्त्यावर होती. त्यांतली काही माझ्याच हाताखाली शिकलेली. शेवटी माणसे एकत्र बसली, बोलली आणि तोडगा निघाला. संगोळ्ळी रायण्णाचा पुतळा राहिला, चौकाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव राहिले. आपल्या भाषेवर प्रेम करावे, तिच्यासाठी हक्काने भांडावे; पण शेजाऱ्याचा द्वेष म्हणजे भाषाप्रेम नव्हे. सरकारी मराठी शाळेत कन्नड शिक्षकबांधवांच्या शेजारी बसून मी आयुष्य काढले आहे, म्हणून हे सांगण्याचा अधिकार मला आहे असे वाटते.

बेळगावच्या नाथ पै चौकातून आमच्या शाळेची सहल जाते, तेव्हा एखादे पोर हटकून विचारते, "सर, हे नाथ पै कोण?" पूर्वी मी जन्माचे आणि मृत्यूचे साल सांगून मोकळा होत असे. आता सांगतो, "आपल्या मागण्या बोलून मिळतील, यावर ज्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत विश्वास ठेवला, ते नाथ पै." मग बस पुढे जाते आणि पोरे पुन्हा गाण्यांच्या भेंड्या लावतात.