नातवंडाचं गहू-दूध बंद झालं तर

हल्ली आपल्या लोकांत ओळखीच्या दोन-तीन घरी एकच गोष्ट ऐकली. नातवंडाला सिलिअ‍ॅक निघाला, डॉक्टरांनी गहू कायमचा आणि दूध काही महिने बंद केलं, आणि पोर आधीच जेवणाच्या बाबतीत नखरेल. आईबाप कामावर, दुपारी मुलं आपल्याकडे. म्हणजे पथ्य सांभाळायचं ते आजी-आजोबांनी. माझ्या नातीचं ६व्या वर्षी असंच झालं, म्हणून हे लिहिते.

सिलिअ‍ॅक ही साधी अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय यांत ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की या मुलांचं शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं. आतड्याच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते, ती अन्न शोषून घेते. ती झडली की पोर जेवूनही वाळतं, उंची वाढत नाही, अंगात रक्त कमी होतं. दूध पचवणारा रसही त्याच लवेत तयार होतो, म्हणून सुरुवातीला दूध सोसत नाही. लव परत आली की पुष्कळांना दूध पुन्हा चालतं, पण ते कधी हे डॉक्टर सांगतील. ज्याला दुधाची खरी अ‍ॅलर्जी आहे त्याची गोष्ट वेगळी, त्याला थेंबही नको. आणि तपासण्या पूर्ण होण्याआधी आपल्या मनाने गहू बंद करू नका, नाहीतर रिपोर्टात आजार सापडत नाही.

आता आपल्या पिढीचं आवडतं वाक्य: “एका घासानं काय होतंय?” होतं! पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे ५० मिलिग्रॅम, काही महिने पोटात गेला तरी लव पुन्हा झडू शकते. पोट दुखलं नाही म्हणजे नुकसान झालं नाही, असं नाही. लाडाने दिलेला बिस्किटाचा तुकडा त्या मुलाला महागात पडतो.

त्यात आपलं नशीब चांगलं. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून आपल्या आया-आज्यांनी सगळं नारळाच्या रसात शिजवलं. तांदळाची भाकरी, घावन, मासळीची आमटी-भात, मलिद्यातले पोहे-खोबरं-गूळ, यात ना गहू ना दूध. रोश हशानाचा चिकाचा हलवा मात्र गव्हाच्या चिकाचा, तो नको. त्या मुलासाठी कॉर्नफ्लोअर आणि नारळाच्या रसाचा करा.

धोका असतो तो न दिसणाऱ्या जागी. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ज्वारी-नाचणीचं पीठ गव्हाच्याच गिरणीत दळलेलं असू शकतं, म्हणून ‘लेलो ग्लुटेन’ छापलेलंच घ्या. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये जवाचा माल्ट असतो. बिसली गव्हाची, प्तितिम गव्हाचे. पोलपाट-लाटणं, चाळणी, लाकडी डाव, टोस्टर त्या मुलासाठी वेगळे ठेवा. समोसे तळलेल्या तेलात त्याचं काही तळू नका. पार्वे लिहिलेल्या वस्तूत दूध घातलेलं नसतं, हा इथला मोठा फायदा. पण पार्वे हा कोशेरचा शब्द, अ‍ॅलर्जीचा नव्हे. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर खालची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचाच.

राहिला नखरा. खाल्लं की पोट दुखायचं, हे त्या पोराने कितीतरी दिवस सोसलेलं असतं. त्याचा हट्ट निम्मा भीतीचा असतो. नर्सिंगच्या नोकरीत मी पाहिलं, जबरदस्तीने भरवलेल्या मुलाचं तोंड पुढच्या वेळी आणखी घट्ट मिटतं. ताटात एक तरी ओळखीची वस्तू ठेवावी, नवं काही चमचाभरच. नाही खाल्लं तर गुपचूप उचलावं, चार दिवसांनी पुन्हा ठेवावं. एखादी चव पटायला दहा-पंधरा वेळा लागतात. आणि त्याच्यासमोर “अरेरे, बिचारा” म्हणू नये.

माझ्या नातीला श्नित्सेल हवंच असायचं. मी पावाच्या चुऱ्याऐवजी तांदळाचं पीठ लावलं, हळद-मीठ घालून, निराळ्या कढईत तळलं. पहिल्यांदा नुसतं हुंगून ठेवलं. तिसऱ्यांदा म्हणाली, “सावता, हे कुरकुरीत आहे.” मग घावनाचं पीठ तिलाच कालवायला दिलं. स्वतः केलेलं मूल चाखतंच. दुधाच्या जागी कॅल्शियमसाठी तिळाची तहिना, नाचणीचं सत्त्व, काट्यासकट खाता येणारे डब्यातले सार्डिन. गोळ्या किती, ते कुपत होलीमच्या आहारतज्ज्ञाला विचारा.

शब्बाथला सगळे हाला खातात आणि ते पोर बघत बसतं, हे मला फार लागायचं. ग्लुटेन नसलेल्या खास ओट्सची हाला मिळते. पण ओट्स प्रत्येकाला सोसत नाहीत, आधी डॉक्टरांना विचारा. बराखा कोणती म्हणायची ते राब्बींना. तिची छोटी हाला वेगळ्या कापडाखाली ठेवते आणि आमच्या हालाची सुरी तिला लावत नाही. ती आपल्या हाताने तोडून मिठात बुडवते.