दहा चेंडूंनंतरचं गॅबा

ब्रिस्बेनचं गॅबा मैदान लंबगोल आहे. उन्हाळ्यात तिथे क्रिकेट होतं आणि हिवाळ्यात त्याच हिरवळीवर ‘ब्रिस्बेन लायन्स’चे खेळाडू ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळतात. एका बाजूला १८ जण, चेंडू लांबट, आणि मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने पार केला तर ६ गुण. फुटबॉलला एवढं अवाढव्य मैदान का, याचं उत्तर फार सुंदर आहे: हा खेळ क्रिकेटवाल्यांनीच घडवला. १८५८ मध्ये टॉम विल्स या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहिलं, की हिवाळ्यात खेळाडूंची अंगं आखडू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी नियम कागदावर उतरले.

आज ऑस्ट्रेलियात व्यावसायिक फुटबॉलपटू होण्याची वाट आखलेली आहे. शाळा संपता संपता, अठराव्या वर्षाच्या सुमारास मुलांची वार्षिक निवड होते. ज्या क्लबने नाव पुकारलं तो देशाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी बॅग भरून निघायचं.

पण इकडे क्रिकेट खेळणाऱ्या पालघरच्या पोराचं नाव कोण पुकारणार?

क्रिकेटपटू शार्दूल ठाकूरचं नाव पुकारलं एका शाळेच्या प्रशिक्षकाने. शार्दूल माहीमचा, मुंबईतल्या नव्हे, पालघरमधल्या केळव्याशेजारच्या माहीमचा. शेतकऱ्याचा मुलगा. बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरकडून खेळताना तो बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलच्या दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. रोहित शर्माला घडवणारे हेच लाडसर. त्यांनी त्याला आपल्या शाळेत बोलावलं. पण रोज ये-जा कशी करायची? तेव्हा लोकल विरारलाच संपत. डहाणूपर्यंत ती पोचली २०१३ मध्ये. म्हणून सरांनी पोराला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. २००६ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या एका सामन्यात त्याने एका षटकात ६ षटकार मारले. दुसऱ्याच्या मुलासाठी घराचं दार उघडणारा माणूस भेटला नसता, तर ते षटकार कुठे लागले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढची वर्षं पहाटेच्या गाडीची आणि खांद्यावरच्या किटबॅगेची. २०१२ मध्ये मुंबईकडून रणजी पदार्पण, २०१४-१५ च्या हंगामात ४८ बळी. मग ऑक्टोबर २०१८, हैदराबाद, वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी. दहा चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू दुखावला. संपली कसोटी. पुढच्या अकराव्या चेंडूसाठी त्याला २७ महिने थांबावं लागलं.

तो चेंडू पडला गॅबावर, १५ जानेवारी २०२१ ला. बुमरा, शमी, अश्विन, जडेजा, सगळे जायबंदी. भारताच्या पाच गोलंदाजांनी मिळून आधी फक्त ४ कसोटी सामने खेळले होते. समोरच्या चार ऑस्ट्रेलियन गोलंदाजांच्या नावावर मिळून हजाराहून अधिक बळी! आणि शार्दूलच्या पहिल्याच चेंडूवर मार्कस हॅरिस झेलबाद.

फलंदाजीला आला तेव्हा भारत ६ बाद १८६. पॅट कमिन्सने आखूड टप्प्याचा चेंडू टाकला. शार्दूलने तो हुक करून थेट सीमेपार धाडला. त्या डावात त्याने खातं उघडलं तेच षटकाराने. अर्धशतकही त्याने नेथन लायनला षटकार मारूनच पूर्ण केलं. कसोटी पदार्पण करणाऱ्या वॉशिंग्टन सुंदरबरोबर त्याने १२३ धावा जोडल्या. स्वतःच्या ६७, डावात सर्वाधिक. गोलंदाजीत दोन्ही डाव मिळून ७ बळी. १९८८ पासून ऑस्ट्रेलिया जिथे कसोटी हरली नव्हती, ते मैदान १९ जानेवारीला भारताने ३ गडी राखून जिंकलं.

त्याच्याकडे उंची नाही, तुफान वेगही नाही. आहे ती हिंमत, आणि जोडी फोडण्याचं विलक्षण कसब. नकल बॉल टाकताना तो चेंडू बोटांच्या पेरांनी धरतो. हात त्याच वेगाने फिरतो, चेंडू मात्र जवळजवळ न फिरता रेंगाळत येतो आणि फलंदाजाची बॅट आधीच पुढे गेलेली असते. अशी युक्ती अंगात मुरायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं कुठल्याच धावफलकावर दिसत नाहीत.

२०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतला तेव्हा तो अंधेरीला सरळ लोकलमध्ये चढला आणि पालघरला घरी गेला. डब्यातल्या काही कॉलेजच्या मुलांनी फोनवर त्याचे फोटो शोधले, हा तोच आहे याची खात्री केली आणि मग सेल्फी मागितला.

जानेवारी २०२२ मध्ये, त्याच आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या वाँडरर्सवर त्याने एका डावात ६१ धावांत ७ बळी घेतले. दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर कसोटीच्या एका डावात याहून सरस कामगिरी तोवर एकाही भारतीय गोलंदाजाला जमलेली नव्हती.