सातपुड्यातील पाहुणे

छत्रपती संभाजीनगराहून उत्तरेकडे निघालेली गाडी कन्नडजवळचा औट्रम घाट उतरून चाळीसगावास पोचते, तेव्हा मराठवाड्याचे पठार मागे पडून खानदेश सुरू झालेला असतो. पुढे धुळे व नंदुरबार. येथवर सुमारे अडीचशे किलोमीटरांचा प्रवास होतो. त्यानंतर तापी ओलांडून तळोदा, अक्कलकुवा ही गावे गाठली की सातपुड्याच्या रांगा समोर उभ्या राहतात. देवगोई घाट चढून मोलगीकडे गेले म्हणजे प्रवासी भिल्ल व पावरा या आदिवासींच्या डोंगरी वस्तीत येतो. या डोंगरांपलीकडे नर्मदा वाहते. तीच तेथे महाराष्ट्राची उत्तर सीमा होय.

मोलगीजवळ काठी नावाचे गाव आहे. तेथील राजवाडी होळी पाहावयास दूरदूरची माणसे जातात. ही परंपरा आठशे वर्षांची आहे, असे तेथील लोक सांगतात. समजा, एखाद्या शाळेतील विद्यार्थ्यांनी ही होळी पाहण्याचे ठरविले, तर त्यांनी तयारी कशी करावी?

बहुतेकजण प्रथम गाडी ठरवितात आणि शिदोरीची यादी करतात. पण पहिले काम पत्र लिहिण्याचे आहे. आपण कोण, किती जण, केव्हा येणार व किती वेळ थांबणार, हे तेथील शाळेच्या शिक्षकांस किंवा ग्रामपंचायतीस कळवावे आणि आलेले चालेल काय, असे विचारावे. उत्तर नकाराचे आले तर त्याचाही मान राखावा. या भागात निरनिराळ्या गावांच्या होळ्या निरनिराळ्या दिवशी असतात. तेव्हा दिवसही विचारूनच ठरवावा.

विचारण्यास आणखी एक कारण आहे. सातपुड्यातील शेती बहुतांशी पावसावर अवलंबून असते. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडणीसाठी वा अन्य मजुरीसाठी गुजरातेत जातात. महिनोन्‌महिने दूर राहिलेली ही माणसे होळीला घरी परततात. म्हणजे ज्या दिवशी पाहुणे तमाशा पाहावयास यावे तसे येतात, त्याच दिवशी एखादा बाप आपल्या मुलांना कितीतरी महिन्यांनी भेटत असतो.

येथील गाव मैदानी गावासारखे एका ठिकाणी दाटलेले नसते. ते पाड्यापाड्यांनी विखुरलेले असते आणि एकेक घर आपापल्या शेतात, टेकडीच्या अंगावर असते. त्यामुळे घराभोवतीची मोकळी जागा सार्वजनिक आहे, असा नवख्याचा समज होतो. ते त्या घराचे अंगण असते. हाक मारावी, रामराम करावा आणि कोणी बोलावले तरच आत जावे.

मुले प्रश्नांना उत्तर देत नाहीत, म्हणून त्यांना काही येत नाही असे समजणे हा तर मोठाच अन्याय होय. त्यांच्या घरी भिली किंवा पावरी बोलली जाते. मराठी त्यांना बहुधा शाळेत भेटते. संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला कोणी पावरीत प्रश्न विचारला, तर तोही गप्पच राहील! त्यापेक्षा आपणच त्यांचा एखादा शब्द शिकावा. ‘याहा’ म्हणजे आई. या लोकांच्या कुलदेवतेचे नाव याहामोगी आहे.

जंगलाविषयीही असाच गैरसमज असतो. झाडाखाली पडलेली मोहाची फुले किंवा चारोळीची फळे कोणाचीच नाहीत, असे शहरी माणसास वाटते. परंतु मोहाची फुले, चारोळी आणि कैऱ्या वाळवून केलेला आमचूर विकून अनेक घरांत मीठमिरची येते. अक्राणी व अक्कलकुवा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि 1996 च्या पेसा कायद्याने अशा वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार मान्य केला आहे. हवे असेल ते बाजारात योग्य किंमत देऊन घ्यावे.

आता होळीची रात्र. ढोलांचा नाद दऱ्यांतून घुमू लागतो. अंगावर पांढरी नक्षी, कमरेला वाळलेले भोपळे, पायांत घुंगरू व डोक्यावर उंच टोप अशा वेषात बुध्या नाचू लागतात. पाहणाऱ्यास ही केवळ मौजेची सजावट वाटते. परंतु ते नवस फेडीत असतात. त्यासाठी ते काही दिवस कडक पाळणी पाळतात, जमिनीवर झोपतात, खाटेवर बसत नाहीत. अशा माणसाच्या खांद्यावर हात टाकून छायाचित्र काढणे म्हणजे देवळात पूजेस बसलेल्या माणसाला हलवून उठविणेच नव्हे काय? छायाचित्र हवे असेल तर आधी विचारावे. मान हलली नाही तर यंत्र पिशवीत ठेवावे व नुसते डोळ्यांनी पाहावे; तेवढे पुष्कळ असते.

अन्यत्र होळी संध्याकाळी पेटते, काठीची मात्र पहाटे. म्हणून रात्रभर जागण्याची तयारी हवी. डोंगरावरची हवा गार असते, यास्तव एक जाड पांघरूण घ्यावे. पाणी व भाकरी स्वतःची असावी; पाहुण्यांच्या गर्दीला पुरेल एवढे पाणी डोंगरावर मार्चमध्ये नसते. कागद, बाटल्या, पिशव्या आणलेल्या गाडीतूनच परत न्याव्यात. मुलांना गोळ्या किंवा नाणी वाटू नयेत. शाळेसाठी पुस्तके द्यावयाची असतील, तर कोणती हवीत हे पत्रातच विचारून ती शिक्षकांच्या हाती द्यावीत.

पहाटे उंच बांबूची होळी पेटते. उजाडल्यावर लोक आपापल्या पाड्यांकडे पांगतात, आणि संभाजीनगरची गाडी घाट उतरू लागते. परवानगीने काढलेल्या छायाचित्रांच्या प्रती आठवडाभरात त्याच शिक्षकांच्या पत्त्यावर पाठवाव्यात. पुन्हा मजुरीस निघण्यापूर्वी त्या ज्याच्या त्याच्या घरी पोचतात.