आधी धडा, मग माल
रिकामा डबा घेऊन बाजाराला जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत गेल्या काही वर्षांत नव्या तऱ्हेची किराणा दुकाने निघाली आहेत. आत शिरले की पाकिटांच्या रांगा दिसत नाहीत. मोठमोठ्या पारदर्शक नळकांड्यांत डाळी, तांदूळ, कडधान्ये, शेंगदाणे भरून ठेवलेले असतात. गिऱ्हाईक घरून डबे, बरण्या आणि पिशव्या घेऊन येते, हवा तेवढा माल काढते, वजन करते आणि तेवढेच पैसे देते. भांडी घासण्याचा पातळ साबण, कपडे धुण्याचा साबण हेही पंपाने बाटलीत भरून मिळते. या दुकानांना 'रिफिल स्टोअर' म्हणतात. कचरा होऊच द्यायचा नाही हा हेतू म्हणून 'झीरो वेस्ट' हे नावही त्यांना जोडले जाते.

आमच्या वयाच्या माणसाला हे पाहून प्रथम हसू येते. कारण आमचे सारे लहानपणच अशा दुकानांत गेले. भिवंडीत अब्बांचे बोट धरून वाण्याकडे जाताना एका हातात तेलाची किटली आणि दुसऱ्या हातात घडी केलेली पिशवी असे. रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा असे. साखर कागदाच्या पुड्यात येई आणि पुड्याचा दोरा अम्मी गुंडाळून ठेवीत. तेव्हा याला कोणी नाव दिले नव्हते, कारण दुसरी रीतच नव्हती.

पण नुसते हसून भागणार नाही. ती रीत मोडली कोणी? आम्ही व्यापाऱ्यांनीच मोडली. १९८३ साली तामिळनाडूत सी. के. रंगनाथन यांनी चिक शाम्पू छोट्या पुडीत घालून विकायला सुरुवात केली. बाटली न परवडणाऱ्या माणसाला शाम्पू मिळाला, ही गोष्ट खरी. पण त्या वाटेने पुढे चहा, हळद, खोबरेल, साबण सगळेच पुडीत आले. आज रिकामी पुडी भंगारवालासुद्धा उचलत नाही, कारण तिच्यात प्लॅस्टिकचे आणि चकाकीचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते वेगळे करणे परवडत नाही.

आमचाही वाटा

आम्ही कापडवाले. आम्हीही यातून सुटलेलो नाही. एकेका साडीला एक आणि सगळ्या साड्यांना मिळून एक, अशा पिशव्या आम्ही वर्षानुवर्षे वाटल्या. वर दुकानाचे नाव छापलेले, म्हणजे जाहिरातही झाली असा हिशेब. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाणी पडले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी भिवंडीतही पाणी शिरले आणि आमच्या गोदामातले खालच्या फळीवरचे ताके भिजून गेले. चार दिवसांनी गल्लीतले गटार उपसले तेव्हा गाळात पिशव्याच पिशव्या निघाल्या. त्यांतल्या काहींवर आमच्याच दुकानाचे नाव होते. ते पाहिल्यावर तक्रार कोणाकडे करणार?

तरीही आम्ही सुधारलो नाही, हेही कबूल केले पाहिजे. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी दंडाची कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. आमच्या गल्ल्याखाली जुन्या पिशव्यांचा एक गठ्ठा उरला होता. तो सापडला आणि पाच हजार भरावे लागले. तेव्हा कुठे आम्ही फेंटचे तुकडे आणि मांजरपाट काढून पिशव्या शिवून घेतल्या. पुढे शेजारच्या वाण्याने सांगितले की आमच्या पिशव्या घेऊन बायका त्याच्याकडे तांदूळ न्यायला येतात. भरून नेण्याच्या खरेदीत आम्ही लक्ष घातले ते तेव्हापासून.

पहिली चूक धड्याची

आमच्या घरच्या मंडळी मुंबईतल्या अशाच एका नव्या दुकानात मोठ्या हौसेने काचेच्या बरण्या घेऊन गेल्या. परत आल्यावर पावती पाहिली तर तूरडाळीचे वजन जास्त वाटले. घरी तोलून पाहिले, तर बरणीचे वजनही डाळीच्या भावाने लावले होते. दुकानातल्या पोराने मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. त्याने धडा केला नव्हता आणि आपणही मागितला नव्हता.

धडा म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागते. रिकाम्या भांड्याचे वजन आधी करून ते मालाच्या वजनातून वजा करणे म्हणजे धडा. समजा बरणी ३५० ग्रॅमची आहे आणि डाळ १२० रुपये किलो आहे. धडा केला नाही तर ४२ रुपये काचेचे गेले, तेही दर खेपेला. इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामे भांडे ठेवून एक बटण दाबले की आकडा शून्यावर येतो. तो शून्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माल ओतू देऊ नये.

दुकानदाराची अडचणही खरी आहे. आमच्या वाण्याचे म्हणणे असे, "संध्याकाळच्या गर्दीत प्रत्येकाचा डबा दोनदा तोलत बसलो तर रांग रस्त्यावर जाईल." याला आम्ही एक साधा उपाय काढला. भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या डब्यावर नाव कोरून देतात. तिथेच नावाखाली डब्याचे झाकणासह वजनही कोरून घेतले. एकदा खात्री केली की मग वाण्याने भरलेला डबा तोलायचा आणि कोरलेला आकडा वजा करायचा. काम एका तोलात होते आणि तकरार उरत नाही. कापडी पिशवी असेल तर कडेला न पुसणाऱ्या शाईने वजन लिहावे.

काटा खरा आहे की नाही, हेही पाहता येते. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन शास्त्र खात्याकडून दर बारा महिन्यांनी फेरपडताळणी करून घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दुकानात लावावे लागते. ते विचारण्यात संकोच नको. ज्याचा काटा खरा आहे तो दुकानदार आनंदाने दाखवतो.

सुरुवात कशाने करावी?

एकदम सगळा किराणा सुटा आणायला गेलात तर महिन्याभरात कंटाळाल. तीनच जिन्नस निवडावेत. आमच्या मते तांदूळ, एक डाळ आणि भांड्यांचा पातळ साबण यांपासून आरंभ करावा. हे दर महिन्याला लागतात, ठरावीक लागतात आणि यांत फसगत कमी.

नवीन बरण्या विकत घेऊ नयेत. घरात लोणच्याच्या, मुरंब्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे डबे पडलेले असतात, तेच वापरावेत. कचरा कमी करायला निघालो आणि त्यासाठी नवे सामान खरेदी केले, तर नाकापेक्षा मोती जड व्हायचा.

भांडे धुऊन पूर्ण कोरडे करावे. डब्यात ओल राहिली तर धान्याला बुरशी आणि कीड लागते, आणि साबणाच्या बाटलीत पाणी राहिले तर साबण नासतो. जुन्या मालावर नवा माल ओतू नये. तळाचा माल तळालाच राहतो आणि त्यातली कीड साऱ्या डब्याला लागते. आधीचा संपवावा, डबा उन्हात ठेवावा, मग भरावा. सुट्या मालाला छापील तारीख नसते, म्हणून दुकानदाराला विचारून घरच्या डब्यावर तारखेची चिठ्ठी लावावी.

सगळेच सुटे घ्यावे असे मात्र नाही. खाद्यतेल पाकीटबंदच घ्यावे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ होऊन ड्रॉप्सीची साथ आली आणि अनेक माणसे दगावली. त्यानंतर त्याच वर्षी तेलाच्या पॅकिंगचा आदेश निघाला. आमच्या लहानपणची किटली गेली ती त्यामुळे, आणि त्याबद्दल आम्हाला वाईट वाटत नाही. मसाल्याचेही तसेच. सुटी तिखट-हळद घेण्यापेक्षा अख्खी मिरची, अख्खे हळकुंड घेऊन डोळ्यांदेखत दळून आणावे.

भावाचा हिशेबही ठेवावा. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या डाळ, तांदूळ, पीठ अशा मालावर, २५ किलोपर्यंतच्या पाकिटाला, ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालाला तो लावला नाही. तेव्हा सुटा माल पाकिटापेक्षा स्वस्त पडायला हवा. पाकिटावर आता ग्रॅमला किती पैसे पडतात तेही छापलेले असते, ते ताडून पाहावे. सुटा माल त्याच प्रतीचा असून महाग असेल, तर तुम्ही मालाचे नव्हे, दुकानाच्या सजावटीचे पैसे देत आहात.

पिशवी ओळखा

हा आमच्या धंद्यातला विषय, म्हणून दोन शब्द जास्त. बाजारात कापडी म्हणून ज्या रंगीत पिशव्या मिळतात त्यांतल्या बऱ्याचशा कापडाच्या नसतातच. ते नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेले पॉलिप्रॉपिलीन. ओळखायची रीत सोपी आहे. कडेचा एक धागा ओढून पाहा. कापडात ताणा-बाणा असतो, धागा सुटून येतो. नॉन-वोव्हनमध्ये धागा नसतोच, नुसती लव निघते. तरीही शंका असेल तर लहानसा तुकडा चिमट्यात धरून जाळावा. सुती कापड कागदासारखे जळते आणि मऊ राख होते. प्लॅस्टिक आकसते, वितळते आणि त्याची कडक गोळी होते.

आता आमच्याच मालाविरुद्ध एक गोष्ट सांगतो. सुती पिशवी म्हणजे पुण्याचे काम, असे समजून घरात वीस-पंचवीस पिशव्या जमवू नका. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा हिशेब आहे की, साधी सुती पिशवी केवळ हवामानाच्या दृष्टीने पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला यायची तर ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, जमीन, रसायने असे सगळे धरले तर हा आकडा ७,१०० वर जातो. कापूस पिकवायला काय लागते हे विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी जाणतो. म्हणून पिशवी नव्या कापडाची नको. जुनी चादर, जुना पडदा, शिंप्याकडचे उरलेले तुकडे यांची शिवावी आणि विरेपर्यंत वापरावी. आम्हीही आता पिशवी फुकट देत नाही. मोबदला घेतो आणि पिशवी परत आणली तर पैसे परत करतो. सुरुवातीला दोन-चार गिऱ्हाइके रागावली. नंतर सवय झाली.

व्यापारी बांधवांसाठी

लंडनमध्ये कॅथरीन कॉन्वे यांनी २००६ साली 'अनपॅकेज्ड' या नावाने असा धंदा सुरू केला. बर्लिनमध्ये २०१४ साली 'ओरिगिनाल उनफरपाक्ट' हे दुकान निघाले आणि जगभर त्याची चर्चा झाली. लंडनचे दुकान पुढे बंद पडले आणि बर्लिनच्या दुकानाला २०२२ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. यातून आम्ही एवढे घेतले की नुसत्या चांगल्या विचारावर भाडे निघत नाही. माल फिरला पाहिजे. चाळीस प्रकारच्या महाग बिया मांडून त्या पडून राहण्यापेक्षा, रोज उठणारे दहा जिन्नस ताजे ठेवावेत.

आपल्या लहान किराणा दुकानदाराला यासाठी नवे दुकान काढावे लागत नाही. त्याच्याकडे पोती आहेत, काटा आहे आणि ओळखीचे गिऱ्हाईक आहे. उणीव आहे ती विश्वासाची. पोती उघडी, वर माश्या, माप हाताने, म्हणून गिऱ्हाईक पाकिटाकडे वळले. पोत्यांऐवजी झाकणाचे डबे, स्वच्छ पळी, समोर भाव आणि माल आल्याची तारीख, आणि गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला काटा, एवढ्यावर ते परत येईल. आमच्या वाण्याने गेल्या वर्षी हे केले. डबा घेऊन येणाऱ्याला तो किलोमागे एक रुपया सोडतो, कारण पिशवी आणि बांधणीचा खर्च त्याचा वाचतो.

आणखी एक गोष्ट त्याने केली, ती आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. यंत्रमागावरचा कामगार रोज दहा रुपयांचा चहा घेतो, त्यालाही तो लहान डबीत दहा रुपयांचाच चहा तोलून देतो, आणि भाव किलोवाल्याचाच लावतो. पुडीने गरिबाची सोय केली, पण काही मालांत थोडे घेणाऱ्याकडून जास्त भाव वसूल केला. सुटा माल ती सोय ठेवून हा भुर्दंड काढू शकतो. भरून नेण्याचे दुकान श्रीमंतांच्या हौसेचे राहणार की सर्वांचे होणार, हे इथे ठरेल.

तेव्हा वाचकहो, नव्या दुकानाची वाट पाहू नका. येत्या शनिवारी एक रिकामा डबा घ्या, त्याचे वजन लिहा आणि आपल्या नेहमीच्या वाण्याकडे जा. तो कुरकुरला तर दोन खेपा थांबा. आमचा वाणीही कुरकुरला होता. आता तोच विचारतो, "डबा आणलात ना?"